चौक, कागद आणि माल: वारली चित्रकलेच्या भौगोलिक मानांकनाचे प्रकरण

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात वारली लग्न चौकाशिवाय लागत नाही. चौक काढतात असे म्हणत नाहीत, चौक लिहितात. कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा. तांदूळ भिजवून, वाटून त्याचे पातळ पांढरे करायचे आणि टोक ठेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने लिहायला बसायचे. लिहिणाऱ्या सवासिनी. त्या लिहीत असताना धवलेरी गाते आणि देवांना बोलावते. धवलेरी ही बाई असते आणि लग्न तीच लावते. चौकटीच्या मधोमध पालघट ही लग्नाची देवी, कडेने नक्षीच्या पट्ट्या, आत बाशिंग, फणी, शिडी, सूर्य-चंद्र. शेजारच्या लहान चौकात, म्हणजे देवचौकात, घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. लग्न झाल्यावर चौक पुसत नाहीत. पुढच्या सारवणात तो आपोआप जातो.

या चौकाला सही नसते, किंमत नसते, गिऱ्हाईकही नसते. वारली चित्राला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे (जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) पुढचे सगळे प्रकरण याच गोष्टीपाशी अडते. आपल्या व्यवस्थेला आदिवासी कला आत घेता आली ती वस्तू म्हणून. चौक वस्तू नाही, म्हणून तो बाहेर राहिला, आणि त्याच्याबरोबर तो लिहिणाऱ्या बायकाही.

भिंतीवरून कागदावर

१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मिथिलेतल्या बायकांना कागद आणि रंग दिले. भिंतीवरची चित्रे कागदावर आली तर विकता येतील, हाताला रोजगार मिळेल, हा हिशेब होता. त्यामागे हस्तकला क्षेत्रातल्या कार्यकर्त्या पुपुल जयकर होत्या आणि प्रत्यक्ष गावोगाव फिरले ते चित्रकार भास्कर कुलकर्णी. हेच कुलकर्णी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वारली पाड्यांवर कागद घेऊन आले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या जिव्या सोमा मशे यांनी तो कागद असा काही भरला की बघणारे थक्क झाले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने १९८९ मध्ये भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम होते. त्यांच्या थोरवीबद्दल दुमत नाही.

पण कागदाबरोबर दोन गोष्टी बदलल्या. भिंतीवर लिहिणाऱ्या बायका होत्या. कागदावर नाव लागले ते बहुतेक पुरुषांचे. आणि चौकाच्या भोवताली जे असे, म्हणजे तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, भाताची लावणी, झोडणी, शिकार, ताडी उतरवणारा माणूस, ते चित्राच्या मध्यभागी आले. पालघटीला गिऱ्हाईक नव्हते, तारप्याला होते. आज 'वारली' म्हटले की चादरीवर, पेल्यावर, शाळकरी मुलांच्या चित्रकला वहीत गोल फिरणारा तारपा नाच दिसतो तो यामुळे. सरकारने ज्या वारली कलेचा सन्मान केला ती ही दुसरी, कागदावरची. ती अस्सलच आहे, तिनेच शेकडो घरांना पैसा दिला. मात्र पहिलीचे काय, हा प्रश्न कुठल्याही फायलीत आला नाही.

कुठल्या खात्याची फाइल

संसदेने किंवा मंत्रिमंडळाने स्वीकारलेले एकसंध लेखी सांस्कृतिक धोरण भारताला नाही. हक्सर समितीने १९९० मध्ये साहित्य, संगीत नाटक आणि ललित कला या तिन्ही राष्ट्रीय अकादमींचा आढावा घेतला, पण गाडी कागदावरच थांबली. महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतःचे सांस्कृतिक धोरण केले. त्यामुळे राष्ट्रीय पातळीवर धोरण शोधायचे ते खात्यांच्या वाटणीत.

'ललित कला' सांस्कृतिक मंत्रालयाकडे. ललित कला अकादमी १९५४ ची. लोकनृत्ये आणि मेळे विभागीय सांस्कृतिक केंद्रांकडे. हस्तकला मात्र वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे, विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कचेरीत. आदिवासींच्या मालाची विक्री ट्रायफेडकडे, जी जनजातीय कार्य मंत्रालयाखाली येते. वारली चित्र यांतले नेमके काय? मशेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो हस्तकलेचा. एकदा हस्तकलेत बसवले की चित्रकार 'कारागीर' होतो, चित्र 'उत्पादन' होते, आणि प्रत्येक योजना प्रशिक्षण, स्टॉल, विक्री याच भाषेत बोलू लागते.

याचा रोजचा त्रास कागदपत्रांत दिसतो. मेळ्यात स्टॉल हवा तर विकास आयुक्तांचे कारागीर ओळखपत्र लागते. आदिवासी विकास विभागाला जातीचा दाखला लागतो. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी कला सादर केल्याचे पुरावे, कात्रणे, प्रमाणपत्रे लागतात. धवलेरीने चाळीस वर्षांत शेकडो लग्ने लावली असली तरी तिच्याकडे कात्रण कुठून येणार? ती कारागीर नाही, कारण ती वस्तू बनवत नाही. ती कलावंतही ठरत नाही, कारण मंचावर गात नाही.

२०१४ चे मानांकन: काय मिळाले

वस्तूंचे भौगोलिक मानांकन कायदा १९९९ चा, अमलात आला १५ सप्टेंबर २००३ पासून. नोंदणी कार्यालय चेन्नईला. वारली चित्रकलेची नोंद २०१४ मध्ये झाली, अर्जदार आदिवासी युवा सेवा संघ. स्थानिक आदिवासी तरुणांच्या संस्थेने अर्ज करून तो तडीस नेला, ही मोठी गोष्ट आहे. अनेक मानांकनांत अर्जदार सरकारी महामंडळ असते आणि कारागिरांना नोंदणी झाल्याचे वर्षानुवर्षे कळतही नाही.

मिळाले ते असे. 'वारली चित्र' हे नाव बाहेरच्याने आपल्या मालाला लावले आणि माल त्या भागातला असल्याचा भास निर्माण केला, तर कलम २२ प्रमाणे तो भंग ठरतो. खोटे मानांकन वापरल्यास कलम ३९ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कलम २४ सर्वांत मोलाचे: हा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्याने भाड्यानेही देता येत नाही. त्यामुळे कोणी कंपनी 'आम्ही वारलीचे हक्क घेतले आहेत' असे म्हणाली तर ते कायद्याने अशक्य आहे, हे बिनदिक्कत सांगावे.

कुठे गळते

कायद्याचा विषय 'माल' आहे. लग्नघरातला चौक माल नाही, धवलेरीचे गाणे माल नाही. दोन्ही कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत.

दुसरे, मानांकन भूभागाला चिकटते, समाजाला नाही. डहाणूत राहून असली चित्रे करणारा कोणीही, वारली नसला तरी, अधिकृत वापरकर्ता (मानांकनाचे नाव आपल्या मालाला लावण्याची नोंद असलेला) होण्यासाठी अर्ज करू शकतो. तिसरे अधिक बोचणारे आहे. कलम २ मध्ये 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या आहे. हस्तकलेच्या बाबतीत माल बनवणारा तर उत्पादक आहेच, पण त्या मालाचा व्यापार करणाराही त्यातच धरला आहे. म्हणजे व्यापारी स्वतः अधिकृत वापरकर्ता होऊ शकतो. व्यापाऱ्याला अर्ज लिहिता येतो, वकील परवडतो. काडी हातात धरणारीला हे दोन्ही जड जाते.

चौथी गोष्ट नाव आणि चित्र यांतला फरक. हे जवळून पाहू. समजा एका गिरणीत चादरीवर तारपा नाच यंत्राने छापला. चादरीच्या चिठ्ठीवर 'वारली चित्र, डहाणू' लिहिले तर भंग उघड आहे. 'वारली प्रिंट' लिहिले तर वाद घालता येतो. गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली हे दाखवावे लागते. 'वारली शैली, सुरतेत छापलेले' लिहिले तर बचाव पक्षाला खरे ठिकाण सांगितल्याची ढाल मिळते. आणि नुसते 'ट्रायबल प्रिंट' लिहिले तर मानांकन कायद्याला हातच घालता येत नाही, कारण त्याने नाव वापरलेले नाही. चित्र तेच, दोन त्रिकोणांची माणसे तीच, पैसा तोच. बाजारात सर्वाधिक माल या शेवटच्या दोन प्रकारांत जाऊन बसतो आणि त्यात नवल नाही.

यातल्या 'शैली' या पळवाटेला कायद्यातच उपाय आहे, तो वापरला पाहिजे. कलम २२(२) खाली केंद्र सरकार ठराविक मालाला अधिसूचनेने जादा संरक्षण देऊ शकते. अशी अधिसूचना निघाली की २२(३) लागू होते: मग खरे ठिकाण सांगितले असले, किंवा नावापुढे 'प्रकार', 'शैली', 'नक्कल' असे शब्द जोडले असले, तरी तो भंगच. जागतिक व्यापार करारात असे कडक संरक्षण सक्तीचे आहे ते फक्त वाइन आणि मद्यांना. आपल्या कायद्याने मात्र दार कुठल्याही मालासाठी उघडे ठेवले आहे. आदिवासी कलांसाठी ते उघडावे, ही मागणी एका ओळीची आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

शेवटची गळती अंमलबजावणीची. पोलीस कारवाई करायची तर अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा हवा, आणि झडतीआधी चेन्नईच्या निबंधकाचे मत घेणे बंधनकारक आहे. ते येईपर्यंत मेळा उठतो, दुकानातला माल हलतो. शिवाय नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. संस्थेचे पदाधिकारी बदलले, पत्ता बदलला, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, की कष्टाने मिळवलेली गोष्ट हातची जाण्याची भीती असते.

अधिकृत वापरकर्ता: अर्ज करताना

मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक वारली चित्रकाराला आपोआप हक्क मिळाला, हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज. चित्रकाराला स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. त्यासाठी नमुना जीआय-३ आहे. पूर्वी शुल्क ५०० रुपये होते. २०२० च्या नियमबदलाने ते १० रुपये केले आणि पद्धतही सुटसुटीत केली. अर्जासोबत आपण हा माल करतो याचे निवेदन आणि पुरावा लागतो. पुरावा म्हणून चित्रांचे फोटो, काम करतानाचे फोटो, कारागीर ओळखपत्र, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि असल्यास विक्रीची बिले लावावीत. अर्जाची प्रत नोंदणीकृत मालक संस्थेकडे जाते.

अर्ज अडकतात ते किरकोळ कारणांनी. आधारवर एक नाव, ओळखपत्रावर दुसरे. पाड्याचे नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. पत्ता ठाणे जिल्ह्याचा, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला आणि जुने दाखले तसेच राहिले. बायकांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे नाव हा घोळ हमखास होतो. म्हणून पाड्यावर एकाच दिवशी शिबिर घेऊन आधी नावे जुळवावीत, मग अर्ज भरावेत. घरात चित्र दोघे करतात पण अर्ज नवऱ्याचा एकट्याचा जातो. अर्ज दोन भरावेत. शुल्क १० रुपयेच आहे.

कॉपीराइट विसरू नये

शैलीवर कॉपीराइट नसतो, पण एका चित्रकाराने केलेल्या एका चित्रावर असतो. तो चित्र पुरे होताच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हॉटेलची, शाळेची, विमानतळाची भिंत रंगवायचे काम मोबदला घेऊन केले, तर उलट करार नसल्यास चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेले चित्र आणि व्यक्तिचित्र दोन्ही येतात.  म्हणून काम घेतानाच करारात लिहून घ्यावे: कॉपीराइट चित्रकाराचाच राहील, आणि भिंतीचा फोटो काढून कॅलेंडर छापायचे असेल तर वेगळी लेखी परवानगी हवी, वेगळे पैसे हवेत.

करारात काय पाहायचे? हक्क दिल्याचा कागद लेखीच लागतो. किती काळासाठी ते लिहिले नसेल तर कलम १९ प्रमाणे तो पाच वर्षांचाच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' ही ओळ छापील करारात बारीक अक्षरात असते; ती खोडून तिथे वस्तू, नग आणि मुदत लिहून घ्यावी. सही चित्रावर करावी, मागे तारीख घालावी, फोटो काढून ठेवावा. कलम ५७ प्रमाणे नाव लावून घेण्याचा हक्क हक्क विकल्यावरही चित्रकाराकडेच राहतो.

एक धोका फार जणांना माहीत नाही. कलम १५(२) सांगते की ज्या चित्राची डिझाइन कायद्याखाली नोंद होऊ शकली असती पण केली नाही, ते चित्रकाराने किंवा त्याच्या परवानगीने कोणी यंत्राने ५० पेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उतरवले, की त्यापुरता कॉपीराइट संपतो. चित्रकाराने हौसेने शंभर पिशव्या छापायला परवानगी दिली आणि तेच चित्र मग कोणीही छापू लागला, असे होऊ शकते. उपाय एकच: छापाईआधी डिझाइनची नोंद करायची.

आणि कलम ५३अ. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मिळतो, कमाल १० टक्के. १९९४ च्या दुरुस्तीने हे आले. पण वसूल करणारी यंत्रणाच उभारली नाही, म्हणून लिलावात लाखांत गेलेल्या चित्राचे पाड्यावर काही येत नाही.

ऑस्ट्रेलियात काय केले

तुलना उपयोगाची आहे, कारण तिथेही प्रश्न हाच. बिरुबी आर्ट नावाच्या कंपनीने जुलै २०१५ ते नोव्हेंबर २०१७ या काळात १८,००० हून अधिक बूमरँग, डिजेरिडू वगैरे वस्तू दुकानांना विकल्या. त्यांवर आदिवासी धाटणीची चित्रे, 'हाताने रंगवलेले' आणि 'ऑस्ट्रेलिया' असे शब्द होते. वस्तू इंडोनेशियात बनलेल्या होत्या. ग्राहक आयोगाने खटला जिंकला आणि जून २०१९ मध्ये २३ लाख डॉलर दंड झाला. तोवर कंपनी दिवाळखोरीत गेलेली. त्याहून मोठा धडा असा की खटला उभा राहिला तो ग्राहकाची फसवणूक या मुद्द्यावर. चिठ्ठीवर 'इंडोनेशियात बनवले' असे स्पष्ट छापले असते तर तीच नक्कल बिनघोर विकता आली असती. आपल्या 'ट्रायबल प्रिंट'चीच ही जुळी बहीण.

फरक पुढच्या पावलांत पडला. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय सांस्कृतिक धोरण जाहीर केले. त्याच्या पाच खांबांतला पहिला खांब मूलनिवासींच्या कलांचा. समाजाच्या ज्ञानाला आणि कलाविष्कारांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा करू, असे त्यात लेखी आले, आणि कलानिधी वाटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत मूलनिवासींचे स्वतःचे मंडळ ठरले. पुनर्विक्रीचा वाटा तिथे ९ जून २०१० पासून लागू आहे: १,००० डॉलर आणि त्यावरच्या विक्रीवर सरळ ५ टक्के, वसुलीला नेमलेली एकच संस्था. टक्केवारी आपल्यापेक्षा कमी, पण पैसे हातात पडतात.

हक्क दुसऱ्याच कपाटात आहे

समाजाचा सामूहिक हक्क मानणारा कायदा आपल्याकडे नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते बरोबर नाही. तो संस्कृतीच्या कपाटात नाही, इतकेच. पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा), १९९६, कलम ४(घ): आपल्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे. वन हक्क कायदा, २००६, कलम ३(१)(ट): जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित बौद्धिक संपदा व पारंपरिक ज्ञान यांवर समाजाचा हक्क. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे सारे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले आदिवासी क्षेत्र. वन हक्काच्या सामूहिक दाव्याच्या नमुना 'ख' मध्ये या हक्काचा रकाना छापलेला आहे. चराईचे आणि गौण वनोपजाचे रकाने भरले जातात, हा रिकामा सोडला जातो, कारण दावा भरून देणाऱ्याला त्यात काय लिहायचे ते सुचत नाही.

तिथे लिहायचे ते ठोस हवे. लग्नचौक, देवचौक, पालघट, पंचशिऱ्या यांचे लेखन, धवलेरीची लग्नगीते, ते कोण, कधी, कुठल्या घरात करते, त्यासाठी कुठला गेरू, कुठला बांबू, कुठली कारवी कुठल्या जंगलातून आणतात. शेवटचा तपशील गाळू नये, कारण त्यानेच कला आणि वन यांचे नाते कागदावर येते. वन हक्काच्या ग्रामसभेला निम्मी गणपूर्ती आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात. ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती, हा मार्ग ठरलेला आहे.

या हक्कपत्राच्या जोरावर दूरच्या गिरणीला थेट रोखता येईल असे समजू नये. पण त्याने दोन कामे होतात. एक, सरकारी खात्यांना धरता येते: धवलेरींची गाणी ध्वनिमुद्रित करायला आलेली संस्था, पालघटीचा चौक भिंतीवर काढायला सांगणारे बांधकाम खाते, यांना आधी ग्रामसभेची लेखी संमती मागता येते. दोन, राष्ट्रीय धोरणाचा पुढचा मसुदा जेव्हा होईल तेव्हा 'संमती कोणाची घ्यायची' या प्रश्नाला तयार उत्तर असते. आजवरच्या मसुद्यांत 'लोककलांचे जतन' असते, संमतीची तरतूद नसते.

ग्रामसभेने ठरावात आपली रेघ स्वतः ओढावी. तारपा नाच, शेती, शिकार ही चित्रे विक्रीला खुली. पालघटीचा चौक पायपुसण्यावर, पेल्यावर, टेबलावरच्या कापडावर नको. गाण्यांचे ध्वनिमुद्रण धवलेरीच्या आणि ग्रामसभेच्या संमतीनेच, मानधन धवलेरीच्या खात्यावर. ही रेघ कुठे ओढायची हे बाहेरच्या तज्ज्ञाने सुचवू नये. पाड्यापाड्यात मत वेगळे असेल, असू द्यावे.

घाई एवढ्यासाठी की भिंती बदलत आहेत. घरकुलात सिमेंटचा गिलावा असतो, त्यावर गेरूचे पापुद्रे सुटतात आणि तांदळाचे पांढरे धरत नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा लग्नसराईच्या आधी येते, तो मुहूर्त सोयीचा आहे. विषयपत्रिकेत नमुना 'ख'चा तो रकाना नावानिशी घालावा, आणि सभेची दवंडी ज्या पाड्यावर धवलेरी राहते तिथेही पोचवावी.